सूर त्योच पायजे

"हळू मार, जोरात मार, सूर त्योच पायजे!"

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत पाऊल टाकलं की आधी हे वाक्य कानावर पडायचं, भट्टीचा आवाज नंतर. ओतून गार झालेला प्रत्येक लोखंडी भाग मिस्तरी हातोडीनं दोनदा ठोकायचे. एकदा अलगद, एकदा दणकून. दुसऱ्या वेळी आवाज वाढला पण सूर तोच राहिला, तर खडूनं बरोबरची खूण. जोरासरशी सूरच बदलला, तर आत भेग आहे म्हणून फुली. इंजिनिअरिंगला हेच मी 'रेषीय वर्तन' म्हणून पाठ केलं होतं आणि पेपर देऊन विसरलोही होतो.

हातोडी खाली ठेवली की सवय सुटत असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? कुठलं! मंडईत भाजीवाल्याला आधी हळूच विचारणार, "ताजी हाय न्हवं?" तो हो म्हणाला की सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं पुन्हा तेच. मग तो "म्हंजे, कालच्याला आलीय" म्हणाला, की हे पिशवीची घडी घालून पुढं.

त्यांची मुलगी आमच्याच ऑफिसात होती. तिचं-माझं जमलं होतं, पण मिस्तरींना सांगायचं कोणी? एक दिवस तेच वाळूच्या ढिगामागं आले आणि हळूच म्हणाले, "पावणं, पोरगी आवडती न्हवं?"

"आवडती," मी पुटपुटलो.

चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर गरजले, "पावणं! पोरगी आवडती न्हवं?"

मी कपात बघत म्हणालो, "म्हणजे... तसं काही नाही."

झालं! मिस्तरींनी मला वळवलं आणि पाठीवर खडूनं फुली मारली. "भेग हाय." मुलगी तिथंच उभी होती. तिनं भरला कप खाली ठेवला आणि निघून गेली. आठ दिवस बोलली नाही. असला भित्रा गडी मलाही आवडला नसता.

नवव्या दिवशी चालू भट्टीसमोर उभा राहून मी शिरा ताणून ओरडलो, "मिस्तरी, तुमची पोरगी मला आवडती! लगीन करायचंय!"

सगळे बघायला लागले. मिस्तरी जवळ आले, कान पुढं केला. "आता हळू सांगा."

"आवडती," मी म्हणालो. ओरडून घसा पार गेला होता.

"घसा बसलाय, पण सूर त्योच हाय की!" त्यांनी पाठीवर बरोबरची खूण केली आणि खडू माझ्या खिशात टाकला. "ऱ्हाऊ दे. संसारात लागंल."

मिस्तरी जाऊन आता दोन वर्षं झाली. मला मात्र ते लग्नातलेच आठवतात. निघताना मुलगी म्हणाली, "येते, बाबा."

"ये की, बाळ," ते हळूच म्हणाले.

गाडी सुरू झाली, तसे सवयीनं मोठ्यानं म्हणायला गेले, "ये की..." आणि आवाज मधेच चिरकला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खडू माझ्या कोटाच्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.