यादीतलं माहेरचं नाव

लग्नात सुनेचं नाव बदलताना तिला कुणी विचारतं का? परवा मतदार नोंदणीचा कोरा फॉर्म हाती आला आणि भोर मतदारसंघातली एक जुनी निवडणूक आठवली. वेल्ह्याकडच्या आमच्या गावात वहिनीचं पहिलंच मत होतं. तिचा फॉर्म मीच शाळेच्या दाखल्यावरून भरला होता. त्यामुळे यादीत तिचं माहेरचं नाव आलं आणि रेशनकार्डावर होतं सासरचं. मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत शाईचा उग्र वास भरला होता. "ही बाई वेगळी दिसते," यादी आणि रेशनकार्ड ताडून बघत अधिकारी म्हणाले. मी आमच्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून तिथेच बसलो होतो. वहिनी पुटपुटली, "भावजी, म्या जाऊ का माघारी?" तेवढ्यात समोरच्या पक्षाचे म्हातारे प्रतिनिधी उठले. चारच दिवसांपूर्वी पत्रकं वाटताना मी त्यांच्याशी कडकडून भांडलो होतो. ते म्हणाले, "सायेब, हिच्या लग्नात म्या अक्षता टाकल्यात. दोन्ही नावं हिचीच. मत आमाला न्हाई पडायचं, ठावं हाय मला." अधिकाऱ्यांनी यादीवर खूण केली आणि वहिनीच्या बोटाला शाई लागली. त्यांच्या पक्षाशी माझं भांडण आजही मिटलेलं नाही, पण त्या माणसापुढे मी मान झुकवतो. तुम्ही एवढंच करा: यादी लागली की घरातल्या बायकांना शेजारी बसवा आणि त्यांचं नाव त्यांनाच विचारून तपासा.