ती बाई ‘चालू’ म्हणाली: विशाखापट्टणम आणि अराकू

मे महिन्यात विशाखापट्टणमला कोण जातं, असं ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण आईनेच धोशा लावला होता. पुण्याजवळच्या मारुंजीतल्या आमच्या वावरात इमारती उभ्या राहिल्या, गोठा मोडला, आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, जवळजवळ बोलेनासे झाले. "ह्यास्नी कुटंतरी लांब घेऊन चल," आई म्हणाली. पुण्याहून थेट रेल्वे आहे. एसी डबाच घ्या, नाहीतर वाटेतच भाजून निघाल.

शहर मात्र झकास. रस्त्याला खेटून समुद्र, स्वच्छ फुटपाथ, आणि लिंबू पिळलेली चुरमुऱ्यांची भेळ इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी यावं. संध्याकाळी ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर गेलो. आई आणि मी शहाळी घ्यायला वर थांबलो. वळून बघते तर अप्पा कपड्यांनिशी पाण्यात शिरत होते. गुडघाभर, मग कंबरभर. काठावरची एक मासेवाली हात हलवून ओरडत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आणखी पुढे गेले. मग लाट आली आणि अप्पा दिसेनासे झाले.

दोन कोळ्यांनी त्यांना ओढून काढलं. शहाळी टाकून मी धावत खाली पोचले. खोकला थांबल्यावर अप्पा म्हणाले, "ती बाई चालू म्हनली. मला वाटलं, चालू द्या म्हनतीया. हिरीत पवलेला गडी मी, मला काय भ्या?"

"तेलगू बाई मराठी बोलंल व्हय?" आई एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आमच्या दोघींच्या मनात काय आलं, ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने डोंगरातल्या अराकूला निघालो. काचेच्या छताचा डबा आहे, पण आरक्षण बरंच आधी करा. बोगद्यामागून बोगदे, खाली हिरव्या दऱ्या. मला त्यातलं फार काही आठवत नाही, कारण मी आईकडेच बघत होते. तिने अप्पांना दाराकडे जाऊ दिलं नाही. घाटातल्या पॉइंटवर ती कठडा आणि अप्पा यांच्या मधोमध उभी राहिली, त्यांची बाही मुठीत धरून.

अराकूत एका घरगुती खानावळीत जेवलो. बांबूत शिजवलेलं चिकन नक्की खा. मालकीण भात वाढत होती. वाढता वाढता अप्पांना तिने विचारलं, "चालू?"

आईचा घास हातातच राहिला. अप्पा म्हणाले, "व्हय, चालू." त्याबरोबर मालकिणीने हात आवरला आणि पातेलं घेऊन पुढे गेली.

मी तिच्या नवऱ्याला हिंदीत विचारलं. तो हसला. "चालू मतलब बस. काफी हो गया."

"म्हंजे ती मासेवाली मला बास म्हनत हुती," अप्पा म्हणाले आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसले. आई हसली नाही. पदर तोंडाला लावून ती हुंदके देऊ लागली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमाला काय वाटलं हुतं?"

रडता रडता आईने त्यांची बाही पुन्हा मुठीत धरली, आणि अप्पांना सगळं कळलं. एवढा मोठा धक्का त्यांना लाटेनेही दिला नसेल. ते नुसता भात कालवत राहिले.

घरी परतून महिना झाला. अराकूहून आणलेली कॉफी अर्धी संपली. मे महिन्यात जावं का, असं कुणी विचारलं तर मी सांगते, जा, पण डोंगरावर जास्त दिवस राहा आणि समुद्रात फक्त पावलं भिजवा.

अप्पा पूर्वी घराबाहेर पडताना कुणाला काही सांगत नसत. आता चपला घालता घालता आईला म्हणतात, "दूध आनाया चाललोय. म्हागारी येतो."