दहा मिनिटं, जागेवरच

माझे मोठे दीर नोव्हेंबरात चार महिन्यांसाठी गावाला गेले, तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली नाही. ती त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला स्वतः अडकवली आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, "हिला सांग. रविवारी आणि बुधवारी सुरू करायची. दहा मिनिटं, जागेवरच. फिरवायची नाही." मी तीन हातांवर उभी होते.

आम्ही तेव्हा बहारीनमध्ये सनदला एकाच इमारतीत राहत होतो. खाली आम्ही, वर भाऊजी, माझी जाऊ आणि त्यांची मुलगी. मुलगी दहावीला होती, म्हणून त्या दोघी इथेच राहिल्या. भाऊजी गुहागरकडे घर बांधायला एकटे गेले. त्यांचं इथे अॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप होतं, ते भागीदार सांभाळणार होता. जाऊला गाडी येत नव्हती. माझ्याकडे मात्र लायसन्स होतं, दुसऱ्या टेस्टला मिळालेलं, आणि भाऊजींना ते पहिल्यापासून खुपत होतं. मी पास झाले त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. पेढा खाता खाता ते म्हणाले होते की आता हायवेवर सांभाळून जायला हवं, बायका उतरल्यात. सगळे हसले. माझा नवराही हसला.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीत एक कॅमेरा बसवून घेतला. आरशामागे, बोटभर लांबीचा, बाहेरचंही आणि गाडीतलंही टिपणारा. गाडी बंद असली तरी तो चालू राहायचा. कुणी धक्का मारून पळालं तर कळावं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनच गाड्या उभ्या राहायच्या, त्यांची आणि आमची. धक्का मारणारं तिथे कोण होतं ते मला समजलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी सुरू होईना. माझ्या ऑफिसमधल्या एकाने सलमाबादच्या एका इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. रत्नागिरीचे चाचा, तीस वर्षं इथे गाड्यांच्या वायरी जोडणारे. त्यांनी बॅटरीला मीटर लावलं, मग कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, किती वेळ चालू ठेवता? मी सांगितलं. जाऊ शेजारीच उभी होती.

"दहा मिनिटांत काय भरणार बाय?" चाचा म्हणाले. "इंजिन सुरू करायला जेवढं खर्च होतं तेवढंही परत जात नाही. आणि हा कॅमेरा दिवसरात्र पितोय. तुम्ही गाडी जपत नाही, मारताय."

मग त्यांनी उपाय सांगितले. अर्धा-पाऊण तास हायवेवर नेऊन आणायची. नाहीतर एक छोटा चार्जर मिळतो, तो खिडकीतून वायर काढून लावून ठेवायचा, बॅटरी भरली की तो आपोआप थांबतो. ते दोन्ही नको असेल तर दहाचा पाना घ्यायचा आणि बॅटरीची काळी वायर काढून ठेवायची. पाच मिनिटांचं काम, त्यांनी मला करूनही दाखवलं. आता चार्ज करून देतो, पण आणखी एकदा पूर्ण उतरली तर बॅटरी खलास, असंही बजावलं.

रात्रीच्या जेवणाआधी जाऊने भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. मी सगळं नीट सांगितलं. ते ऐकत होते, मागे गवंड्यांचा आवाज होता. चार्जर नको, वायर गरम होऊन आग लागते, म्हणाले. काळी वायर काढायची नाही, कॅमेरा बंद पडेल. फिरवण्याचा तर प्रश्नच नाही.

"तुला गाडी फिरवायची आहे, म्हणून हे सगळं," ते म्हणाले. "मी सांगितलंय तेवढंच कर."

मी म्हटलं, बरं.

तेवढंच केलं. त्याहून एक मिनिट जास्त नाही, एक मिनिट कमी नाही. इथे रविवारही कामाचाच. रविवारी आणि बुधवारी ऑफिसची मिनीबस मला घरी सोडून गेली की मी पर्ससकट शेडमध्ये जायची, गाडीत बसायची, किल्ली फिरवायची आणि मनगटावरचं घड्याळ काढून कॅमेऱ्यासमोर धरायची. दहा मिनिटं झाली की पुन्हा धरायची. मला माहीत होतं बॅटरी जाणार. मी त्याची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. दर वेळी इंजिन थोडं जास्त कुंथायचं आणि मला बरं वाटायचं. त्या महिन्यात मी घरात गुणगुणत असायची, नवऱ्याने विचारलंही होतं, काय झालंय म्हणून.

जानेवारीच्या शेवटी एका बुधवारी नुसतं टकटक झालं. त्यानंतरच्या रविवारी तेही नाही. मी गाडीला कुलूप लावून घरात आले आणि चहा टाकला. कुणाला सांगितलं नाही. जाऊ विचारायची, केलीस का गं सुरू? मी म्हणायची, झालं.

फेब्रुवारीतला तो शनिवार होता. माझी सुट्टी, नवरा सकाळच्या शिफ्टला आमची गाडी घेऊन गेलेला, पुतणी क्लासला. साडेदहाच्या सुमाराला जाऊ जिना उतरून आमच्या दारात आली. उजवं मनगट डाव्या हाताने धरलेलं, तोंड पांढरं पडलेलं. बाथरूममध्ये पाय घसरला होता. मनगट बघता बघता सुजत होतं.

मी म्हटलं, ताई, टॅक्सी बोलावते.

"टॅक्सी कशाला? गाडी आहे ना मागे," ती म्हणाली. "ते काय म्हणतील ते मी बघते. तू चल."

पाच वर्षांत तिने नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. खिळ्यावरची किल्ली तिनेच काढून मला दिली.

मला तिथेच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. रिमोटने दार उघडलं नाही, तेव्हा किल्ली घालून उघडलं. ती पलीकडे बसली, हात मांडीवर. मी किल्ली फिरवली. एक दिवासुद्धा लागला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तीनेक आठवडे झाले."

"चाचा बोलले तेव्हा मीही तिथेच होते," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

मी म्हटलं, भाऊजींनी सांगितलं तेवढंच केलं. हे वाक्य मी त्यांच्यासाठी दोन महिने तयार ठेवलं होतं, आणि ते तिच्यावर खर्च झालं.

टॅक्सी यायला चाळीस मिनिटं लागली. वारा सुटला होता, गार आणि धुळीचा. मी तिला घरात बसायला सांगितलं, पण ती रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली, पदराने तोंड झाकून. मी शाल आणली, ती तिने खांद्यावर घालू दिली नाही. टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. दवाखान्यात एक्सरे निघाला, हाड मोडलं होतं. प्लास्टरसाठी नंबर लागायची वाट बघत आम्ही दोन खुर्च्यांवर बसलो होतो, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचं मला माहीत आहे. पंचवीस वर्षं झाली. तू अशी आहेस हे माहीत नव्हतं."

तिचा हात मी मोडला नव्हता, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण ते तिला सांगायची सोय उरली नव्हती.

पुढचे सहा आठवडे मी रोज ऑफिसला जाण्याआधी वर जायची. पहिल्या दिवशी भाकऱ्या करून नेल्या. तिने दारातूनच सांगितलं, राहू दे, मुलगी करेल. मुलीला भाकरी येत नव्हती. त्या दोघींनी ब्रेड खाल्ला, बेकरीतली खुबूस रोटी खाल्ली, पण माझ्या भाकऱ्या परत आल्या. तिसऱ्या दिवसापासून मी नुसती चौकशी करायला जायची, आणि पुतणी दार अर्धवट उघडून इंग्रजीत सांगायची, आई झोपली आहे.

भाऊजी मार्चमध्ये आले. त्यांनी नवी बॅटरी घातली, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपवर लावलं आणि माझ्या नवऱ्याला वर बोलावलं. तासाभराने तो खाली आला. त्याने मला घड्याळ धरताना बघितलं होतं, एकदा नाही, दहा वेळा. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की मी त्यात हसत होते. मला ते आठवत नव्हतं. मग मीच ओरडले, त्याच्यावर, त्याच्या भावावर, त्या पेढ्यांच्या दिवशी तो हसला होता त्याच्यावर. तो ऐकून घेत राहिला आणि जेवायला बसला. भाऊजी मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती, बायकांबद्दल ते जे म्हणत आले होते ते आता त्यांच्याकडे कार्डावर होतं.

जूनमध्ये आमचा भाडेकरार संपला आणि आम्ही हूराला फ्लॅट घेतला. माझं ऑफिस जवळ पडतं, असं सगळ्यांना सांगितलं. सामान हलवलं त्या दिवशी वरचं दार उघडलं नाही.

पुढच्या संक्रांतीला आमच्या ओळखीतल्या एका बाईकडे रिफाला हळदीकुंकू होतं. जाऊ आली होती. वाण द्यायला त्या घरच्या बाईला मदत म्हणून ताट तिच्याकडे दिलेलं होतं. ती रांगेने येत येत माझ्यापर्यंत आली. मी कपाळ पुढे केलं. तिने बोट टेकवलं, तिळगूळ दिला, माझ्या अलीकडच्या बाईशी बोलली होती तेवढंच बोलली, आणि पलीकडच्या बाईकडे सरकली.