एकोणीस माणसांचं समुपदेशन

आमच्या नवरा-बायकोच्या समुपदेशनाला एकूण एकोणीस माणसं हजर होती. (मॅडमना धरून वीस. पण त्या दिवशी त्यांना कुणी धरलंच नाही.)

दोष सगळा माझ्या 'हं'चा. जळगावात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी येईपर्यंत माझ्याजवळचे शब्द संपलेले असतात, उरतो फक्त 'हं'. माझी बायको वैशाली शाळेत शिक्षिका. ती बोलायची, मी 'हं' म्हणायचो. अकरा वर्षं संसार कसा सुरळीत चालला होता! म्हणजे माझ्या बाजूनं.

एकदा जेवताना तिनं अचानक विचारलं, "आत्ता मी काय म्हणाले? सांगा बरं."

"भाजीत मीठ..."

"अहो, शिरपूरच्या शाळेत मला नोकरी मिळतेय, असं म्हणाले! तिथंच खोली घेऊन राहीन म्हणते. इथं तरी कुणाशी बोलते मी? भिंतीशीच ना? भिंती शिरपूरलाही आहेत!"

खरं सांगतो, ही गेली तर त्या घरात मी आणि माझा 'हं', दोघंच राहणार! मी काकुळतीला आलो, तेव्हा तिनं अट घातली. धुळ्याला एक मॅडम आहेत, नवरा-बायकोला समोरासमोर बसवून एकमेकांचं ऐकायला शिकवतात, शनिवारी तिथं यायचं. मी लगेच कबूल झालो. धुळं मला सोयीचंच होतं. जळगावात अशा मॅडमकडचा जिना चढताना निदान तीन गिऱ्हाइकांनी "काय भाऊ, इकडं कुठं?" म्हणून विचारलं असतं.

शुक्रवारी ऐन गर्दीत नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे वडील. ते आणि आई, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, एरंडोलजवळ गावी शेतीवर राहतात.

"शनवारले गावले येस का?"

"नाही नाना, अकरा वाजता धुळ्याला बसस्टँडमागच्या एका मॅडमकडे जायचंय. वैशालीचं नि माझं जरा बिनसलंय, तेव्हा..."

"भाऊ, सोळा एमएमची नळी दाखवा!" हे गिऱ्हाईक.

"मंग बैठक शे का?" हे नाना. (आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.)

"हं," मी नळी मोजता मोजता म्हणालो.

"पाव्हणासले बी सांगू का?"

"हं."

"जेवन आम्ही लई येतस."

"हं, हं." (जेवण घेऊन यायलाही हो, आणि तेही दोनदा! कुणी विचारलं नसताना दोनदा!)

आता आमच्याकडची बैठक काय असते ते सांगतो. नवरा-बायकोत काही बिनसलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात. आत्या बोलते, मामा बोलतो, लग्न जमवणारा बोलतो, वाटेत भेटला म्हणून सोबत आलेला माणूसही बोलतो. फक्त ज्यांचं भांडण आहे ती दोघं तेवढी बोलत नाहीत.

शनिवारी अकराला आम्ही मॅडमसमोर बसलो. वय तिशीचं, आवाज मऊ. खोलीत दोन खुर्च्या, एक सोफा आणि डोळे पुसायला कागदी रुमालांचं खोकं. "इथं तुम्ही दोघंच आहात," मॅडम म्हणाल्या. "तिसरं कुणी नाही. अगदी मोकळेपणानं बोला."

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

पुढं नाना, त्यांच्या खांद्यावर सतरंजीची गुंडाळी! मागं क्रूझर जीप भरून आलेले आमचे सगळे भाऊबंद. त्यांच्या मागं पिंपळनेरहून दुसरी क्रूझर, तिच्यातून आबा, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांची फौज. सर्वांत शेवटी अक्का, डोक्यावर वांग्याच्या भरताची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांची पाटी. बघता बघता सोफा भिंतीला गेला आणि सतरंजी अंथरली गेली.

"ही... ही मंडळी कोण?" मॅडमनी विचारलं.

नानांनी हात जोडले. "राम राम मॅडम. आम्ही मुलाकडचे. तुम्ही कोणाकडच्या?"

"मी? मी दोघांच्याही बाजूनं आहे."

"अशी कशी बैठक चालेल?" आबा म्हणाले. "मुलीकडं माणसं कमी आहेत, तुम्ही इकडंच बसा!"

आणि मॅडम बसल्या हो, मुलीकडं! कुणी तोंड उघडायच्या आत आबांनी हळदीच्या दिवशी पिंपळनेरकरांना दुसऱ्या पंगतीला बसवल्याचं प्रकरण काढलं. अकरा वर्षांपूर्वीचं! आमच्या मामांनी त्यावर आहेरातल्या टोपीचा विषय काढला. टोपी म्हणे कानावर यायची. कुणीतरी पुरावा म्हणून ती टोपी घालूनच आलेलं होतं. आम्ही दोघं कोपऱ्यात चपलांच्या ढिगाजवळ उभे. वैशालीचा चेहरा बघून मला वाटलं, ही आता इथूनच परस्पर शिरपूरची गाडी धरते.

पण मॅडम मऊ असल्या तरी पक्क्या होत्या. ताडकन उठल्या. "थांबा! माझ्या खोलीत माझा नियम! एकानं बोलायचं. दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मग ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगायचं."

"हाई तं सोपं शे," नाना म्हणाले.

"मग तुम्हीच दाखवा करून. अक्कांबरोबर."

अक्कानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पन्नास वर्षांत तिला कुणी 'बोल' म्हटलं नव्हतं. पदर सारखा करून ती शांतपणे म्हणाली, "माले भरीत आवडत नही."

 खानदेशातली बाई, एरंडोल तालुक्यातली, समोर पाटीभर भरीत, आणि म्हणते आवडत नाही!

"काय सांगी ऱ्हायनी तू!" नाना ओरडले.

"नाना, मध्ये बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"आनि माले एक बकरी पाळनी शे," अक्का म्हणाली. "दरसाल सांगस. दरसाल हाऊ मानूस म्हनस, हं."

अठरा जणांनी आधी नानांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. जमीन सोडून वडिलांकडून मला काय मिळालं होतं, ते सगळ्यांना कळून चुकलं.

नानांनी टोपी काढली. घसा खाकरला. "हिले भरीत आवडत नही," ते हळूच म्हणाले. "हिले... बकरी पाहिजे." आणि कागदी रुमालांचं खोकं स्वतःहून जवळ ओढलं. अक्का पदरात तोंड लपवून लाजली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मग काय, सगळ्यांनाच नंबर हवा होता! आबांचा नंबर लागला, मामा-मामींचा लागला. जेवायची वेळ झाली, अक्कानं मॅडमच्या डब्यातली गवारीची भाजी मिटक्या मारत संपवली. आमचा नंबर काही लागला नाही.

शेवटी मीच वैशालीला खाली पायरीवर घेऊन गेलो. फोन बंद केला. "बोल," म्हटलं, "मी मध्ये बोलणार नाही."

ती अर्धा तास बोलली. मी सगळं जसंच्या तसं परत सांगितलं. तिला ती शाळा मनापासून आवडलीय. मला सोडून जायची हौस नाही. पण रोज 'हं' ऐकून आपण या घरात आहोत की नाही, अशी शंका तिला येते.  "जाऊ नको गं," मी म्हणालो. "नाहीतर मी येतो तुझ्याबरोबर."

"खरंच याल? कारण मी गुरुवारीच होकार कळवलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं की! तुम्ही 'हं' म्हणालात."

 आता आम्ही शिरपूरला असतो, दुकानासकट; दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. रोज चहानंतर ती बोलते, मी ऐकतो आणि परत सांगतो. हसू नका, फरक पडतो. ती आता भिंतीशी बोलत नाही. फक्त गेल्या आठवड्यात मी पेपर वाचत असताना तिनं काहीतरी विचारलं आणि सवयीनं माझ्या तोंडून जुना 'हं' निसटला.

काल सकाळी दार उघडलं तर अंगणात अक्काची बकरी! नाना-अक्का जोडीनं महिनाभर देवदर्शनाला निघालेत, तोवर बकरी ठेवून घ्यायची का, एवढंच वैशालीनं त्या दिवशी विचारलं होतं. वैशाली शाळेत असते, तेव्हा दिवसभर बकरी आणि मी. ती माझ्याकडं टक लावून बोलत असते, आणि मी मॅडमच्या नियमाप्रमाणे मध्ये तोंड न घालता ऐकून घेतो आणि जसंच्या तसं परत सांगतो!