तळघराचा कोबा

माझ्या जोडीदाराला सगळे पाणसळ म्हणतात. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती बुडबुड्याची पट्टी, जमीन सपाट आहे की नाही ते दाखवणारी. हा गडी ती खिशात घेऊनच फिरतो आणि कुणाकडे जेवायला गेला तरी आधी टेबलावर ठेवून बघतो. जित्याची खोड, दुसरं काय! आम्ही दोघांनी उभा जन्म लोकांच्या घरात काँक्रीटचे कोबे घातले. काम सुरू करण्याआधी तो प्रत्येक घरात एकच विचारतो, "इथं कोण वावरणार?" नुसतं सामान असेल तर मोरीकडे ढाळ देतो, म्हणजे पाणी शिरलं तरी निघून जातं. म्हातारं माणूस राहणार असेल तर ढाळ नाही आणि लोखंडी थापीने गुळगुळीत घोटाईही नाही. लाकडी रंधा फिरवून वरचा थर खरबरीत ठेवतो, पाय घसरू नये म्हणून.

बोलका तो कधीच नव्हता. पण वहिनी गेल्यापासून त्याच्या तोंडात 'बरं' हा एकच शब्द उरलाय. तू चुकलास म्हटलं तरी बरं, तू शहाणा म्हटलं तरी बरं. मला त्याची दया येत नाही, राग येतो. माणसानं अधूनमधून भांडावं की!

तर त्याच्या मुलाने घरातल्या तळघरात कोबा घालायचं काढलं. खाली नुसती माती होती. घरचाच गवंडी असताना बाहेरचा कशाला, म्हणून काम आमच्याच गळ्यात पडलं. पाणसळने पोटच्या पोरालाही तेच विचारलं, "इथं कोण वावरणार?"

"कोणी नाही हो बाबा. अडगळ ठेवू जराशी," मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

"बरं."

सकाळी पाणसळने सिमेंटची पोती पाठीवरून आणून अंगणात रचली. मी घेऊ का म्हटलं, तर ऐकलंच नाही. मिक्सर अंगणात लावला होता. तो वरून तळघराच्या छोट्या खिडकीतून घमेलं आत द्यायचा आणि मी ते घेऊन ओतायचो. मध्येच खाली येऊन काँक्रीट सारखं करायची लांब पट्टी ओढायचा, मोरीकडचा ढाळ तपासायचा आणि पुन्हा वर जायचा. दुपारपर्यंत सगळी जमीन भरत आली.

तेवढ्यात सूनबाई हातात मापाची टेप घेऊन जिन्यावर आली. मी एकटाच आहे असं तिला वाटलं.

"काका, बाबांचा पलंग या भिंतीशी मावेल ना?"

"कुठल्या बाबांचा?" मी विचारलं. मूर्खासारखंच विचारलं.

"आमच्याच. त्यांना आता जिना झेपत नाही ना. वरची खोली मुलांना होईल. इथं मागच्या बाजूने पायऱ्यांशिवाय बाहेर जायला दारही आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अजून बोललो नाही त्यांच्याशी. हे म्हणतात, कोबा झाला की सांगू."

पाणसळच्या त्या वरच्या खोलीतच वहिनी वारल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही बापापासून! काहीतरी बोलणार होतो, पण नजर खिडकीकडे गेली. घमेलं अर्ध्यावर थांबलं होतं. ते धरलेले दोन हात दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. सूनबाईचं लक्ष टेपकडे होतं. जिन्यावरूनच माप घेऊन ती वर गेली.

मी घमेलं घेतलं. पाणसळ खाली आला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "वर जा आणि नाही म्हणून सांग. मी आहे ना बरोबर."

त्याने ओल्या काँक्रीटवर नजर फिरवली. मला वाटलं, आता हा थापी फेकणार. मी वाटच बघत होतो.

त्याने खिशातली पाणसळ काढून पट्टीवर ठेवली. "मोरीकडे आणखी दोन घमेली टाक," म्हणाला. "ढाळ नको, सपाट करू."

काँक्रीट ओलं होतं, पट्टी सहज फिरली. मागे मागे सरकत आम्ही जिन्यापर्यंत आलो. सवयीने मी लोखंडी थापी उचलली, तर त्याने माझा हात धरला.

"घोटू नकोस. खरबरीत राहू दे. म्हातारं माणूस राहणार आहे."

कुठल्याही परक्या घरात सांगतो तसं, त्याच आवाजात. मला रडू आलं. तो रंधा फिरवत राहिला.

हातपाय धुऊन आम्ही वर गेलो. सूनबाईने चहा दिला. मुलगा समोर बसला होता, बोलायचा विषय जिभेवर घोळवत. घसा साफ करून त्याने आधी विचारलं, "झालं बाबा?"

"झालं," पाणसळ म्हणाला. "आता आठवडाभर पाणी मारावं लागेल." त्याने चहाचा घोट घेतला. "तोवर मी वरच झोपतो."