काट्याचा शुभ नंबर

साखर कारखान्याचे संगणक सांभाळायला मी भिंगारहून कोल्हारच्या बाजूला जायचो. यंत्र बिघडलं की मला आधी कुतूहल वाटतं, काळजी मागाहून. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

त्या सकाळी वजनकाटा अडला. काट्यावरचा संगणक ऑफिसातल्या संगणकाला वजन कळवायचा, आणि तिथे नोंद झाल्याशिवाय उसाची गाडी पुढे सोडायची नाही, असा नियम. पडद्यावर एकच पालुपद: असा प्रोग्राम नाही. अरे, पण मी आत्ताच ऑफिसात तो चालू असलेला बघून आलो होतो!

काट्यावर पहिलीच बैलगाडी पाथर्डीकडच्या ऊसतोड जोडप्याची होती. नवरा बैलांना धरून उभा. बाई खिडकीशी आली.

"साहेब, पोर तापानं फणफणलंय तिकडं पाचटाच्या कोपीत. गाडी खाली झाल्याबिगर जाता येत न्हाई. लवकर करा."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

अशा प्रत्येक संगणकावर आरपीसी नावाची एक छोटी फाइल असते. डावीकडे सेवेचं नाव, उजवीकडे तिचा नंबर. नाव आपल्या सोयीसाठी. यंत्रं एकमेकांना नंबरानेच हाक मारतात. दोन्हीकडच्या फाइली मी शेजारी शेजारी उघडल्या. नाव दोन्हीकडे 'काटा'च. नंबराचा शेवटचा आकडा मात्र वेगळा. हा कुठून उपटला?

काट्यावरच्या ऑपरेटरला विचारलं.

"म्याच बदलला की काल," तो सहज म्हणाला. "आकड्यांची बेरीज आठ येत हुती, सर. शनीचा आकडा. आमी मोटारसायकलीला बी नवाचाच नंबर घेतला. नाव तर तेच ठिवलंय ना?"

मी कपाळावर हात मारला, पण हसूही आवरेना. माणूस नावाने ओळखायचा आणि नंबर हौसेने निवडायचा, हेच तर आपण सगळे करतो. जुना नंबर घातला, प्रोग्राम पुन्हा चालू केला. वजन उमटलं. मला केवढं हायसं वाटलं!

"काय झाल्तं?" बाईने विचारलं.

"नाव बरोबर होतं, नंबर चुकला होता."

"मंग आमच्यावानीच हाय म्हना. मला बी हितं समदे गाडीच्या नंबरानंच हाक मारत्यात."

मला वाईट वाटलं. तासभर मीही 'पहिली गाडी, पहिली गाडी' असंच म्हणत होतो.

"ताई, तुमचं नाव काय?"

तिने बैलांचा कासरा नवऱ्याच्या हातातून घेतला.

"आता कशाला? वजन झालं की."