अंगणात पुरलेली तार

हाताचा पंजा वर करून समोरच्याला थांबवायची शेटजींना सवय होती. तुमचं वाक्य निम्म्यावर असतानाच पंजा वर जायचा आणि शेटजी म्हणायचे, "समजलं मले. समोरचं बोला." अख्ख्या अकोल्यात कुणाचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. माझी आई गेली तेव्हा ते भेटायला आले होते. तिचे शेवटचे दिवस कसे गेले ते मी सांगायला लागलो, तर पंजा वर. "समजलं. दुकान कवा खोलता?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. शेटजींच्या जिनिंग फॅक्टरीतलं आणि घरच्या कार्यांचं काम माझ्याकडे असे. कंजूष नव्हते, एवढं कबूल करतो. मात्र ते द्यायचे असे, की घेणाऱ्यानं ताबडतोब उठून जावं.

त्यांचे पणजोबा जैसलमेरकडून वऱ्हाडात आले. घराण्याचे मांगणियार गवई तिकडेच, वाळवंटात राहिले. पण हिवाळ्यात कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की तिघं जण रेल्वेनं अकोल्याला येत. एक म्हातारा, त्याचा भाऊ आणि पुतण्या. भावाकडे ढोलक, पुतण्याच्या बोटांत खरताल, आणि म्हाताऱ्याच्या मांडीशी कमायचा, म्हणजे कातडं ताणून बसवलेलं गोल पोटाचं तंतुवाद्य. त्याच्यावर गज फिरला की माझ्या छातीत काहीतरी हलायचं. कामाला म्हणून जायचो आणि लाउडस्पीकरचे कर्णे काढून झाले तरी बसून राहायचो.

त्यांची बोली मला निम्मीच कळे, पण नावं कळत. मूळ पुरुषापासून एकेक नाव म्हातारा गात येई. कुणी वाळूत विहीर खणली, कुणी दुष्काळात उंट विकून गाव जगवलं, आणि असं करत करत शेवटी घरातल्या हयात कर्त्याचं नाव. त्या वर्षी मूल जन्मलं असेल तर त्याचंही. गाण्यात नाव आलं म्हणजे मूल घराण्यात आलं, असं शेटाणीबाई मानत. त्या लग्न होऊन तिकडूनच आलेल्या.

एका वर्षी शेटजींनी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणवला. तेव्हा आमच्याकडे ती नवलाची वस्तू होती. चालवायला मी. म्हातारा डोळे मिटून गात होता. पणजोबा झाले, आजोबा झाले. वडिलांचं नाव आलं, ढोलकाची लय वाढली, आणि पंजा वर गेला.

"समजलं," शेटजी मला म्हणाले. "मशीनमंदी आलं ना सारं?" मग गवयांकडे वळून, "अब हर साल इतनी दूर आने की जरूरत नहीं. सब इसमें आ गया."

म्हाताऱ्यानं गज खाली ठेवला. "आपका नाम बाकी है, सेठ."

"मेरा नाम मुझे मालूम है."

तिघांना शाली दिल्या, परतीची तिकिटं दिली. म्हाताऱ्यानं शाल ओट्यावरच ठेवली. कमायच्याची आतड्याची एक तार सोडवली, अंगणात उतरून बोटांनी माती उकरली आणि ती तार तिथं पुरली. मग तिघं निघून गेले. शेटजी हसले. मला त्यांच्या हसण्याची किळस आली.

दाराशी शेटाणीबाई रडत होत्या. "सोडलं त्यायनं आपल्याले," त्या म्हणाल्या. ज्या अंगणात तार पुरली त्या घरासाठी त्यांच्यातला कुणीच पुन्हा गात नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शेटजींना त्या सांगायला गेल्या, पण तेही त्यांनी निम्म्यावर तोडलं.

वर्षभरात नातू झाला. त्याचं नाव गाण्यात यावं म्हणून शेटजींनी गवयांना आणायला जैसलमेरकडे माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. मग अमरावतीला एका लग्नात मांगणियारांचा दुसरा ताफा आलाय असं कळलं. मोटार पाठवून त्यांना आणवलं. ते फाटकाशी उतरले, हे घर कोणाचं ते विचारलं आणि पाणीसुद्धा न पिता स्टेशनच्या दिशेनं चालू लागले. मोटारीत बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बारशाच्या आधी मला बोलावणं आलं. "या मशीनमंदी नातवाचं नाव टाकून द्या."

"गाईल कोण?"

"मीच बोलतो."

वडिलांच्या नावापाशी टेप थांबवून मी माईक पुढे केला. शेटजींनी आपलं नाव घेतलं, मुलाचं घेतलं, नातवाचं घेतलं. बाजारात कापसाचा भाव पुकारावा तसा आवाज. मग मी सगळं पहिल्यापासून वाजवलं. म्हाताऱ्याचं गाणं संपून त्यांचा आवाज सुरू झाला तसे ते जमिनीकडे बघत राहिले.

"पुसून टाका," एवढंच म्हणाले. मी त्यांचं तेवढं पुसलं.

पुढे उन्हाळ्यात पंख्याच्या कामासाठी गेलो, तर भर दुपारी शेटजी अंगणात उकिडवे बसून हातानं माती उकरत होते. धोतर मळलेलं, नखं काळी. गडी फावडं घेऊन उभा होता, पण फावड्यानं तार तुटेल म्हणून ते त्याला जवळ येऊ देत नव्हते.

"भेटली तर घेऊन जातो त्या म्हाताऱ्याकडे," ते म्हणाले. "मी सोता जातो."

"शेटजी, आतड्याची तार ती. या काळ्या मातीत एक पावसाळा गेला म्हणजे..."

"समजलं मले," ते म्हणाले आणि उकरत राहिले.

त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही, आणि राग येत नाही याचाच राग आला. पंखा तसाच ठेवून मी परत आलो.

त्यानंतर शेटजी फार जगले नाहीत. तेरावं झाल्यावर शेटाणीबाई टांग्यातून टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "हे तुमी ठेवून घ्या."

"असू द्या घरी. आठवण राहील."

"कोणाची?" त्या म्हणाल्या. "याच्यात सारे हायेत, बापू. हेच नाईत."